धोंडा उचलणे

धोंडा उचलणे : शक्तीची परीक्षा व व्यायाम यांचा एक जुना प्रकार. बहुधा वाटोळा आणि मुठीत धरायला जागा नसलेला जड दगड जमिनीवरून उचलून मांडी, छाती वा खांदा यांपर्यंत नेणे, हे त्याचे स्वरूप. महाराष्ट्रात अशा दगडाला गोटा, गोटी किंवा नुसताच धोंडा म्हणतात. तालमीतील इतर साधनांहून त्याचे वेगळेपण असे, की तो माणसाच्या सोयीने घडविलेला नसतो. मुद्‍गल, गदा, करेल यांना मूठ असते. नालेच्या पोकळीत हाताने पकडण्यासाठी आडवा दांडा असतो. धोंड्याला यांपैकी काही नाही. शिवाय त्याचे वजन कमीजास्त करता येत नाही. उचलणाऱ्यालाच धोंड्याच्या योग्यतेला यावे लागते. अलीकडे जगभर चालणाऱ्या बलवानांच्या स्पर्धांत ‘ॲटलास स्टोन’ या नावाने जे सिमेंटचे गोळे उचलले जातात, ते याच प्रकाराचे आधुनिक रूप होय.

महाराष्ट्रात या प्रकाराचा विचार करताना प्रथम येथील दगडाकडे पाहावे लागते आणि त्या दृष्टीने अजिंठ्याची डोंगररांग उद्‍बोधक आहे. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्याच्या सिल्लोड तालुक्यातील अजिंठा हे गाव आणि त्याच्या जवळची जगप्रसिद्ध लेणी ज्या खडकात आहेत, तो दख्खनचा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट. लाव्हारसाचे थर एकावर एक साचून सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वी तो तयार झाला. थंड होताना या खडकाला उभ्याआडव्या भेगा पडतात व त्यांतून पाणी झिरपू लागते. भेगांनी वेढलेल्या प्रत्येक तुकड्याचे कोपरे आधी कुजतात, कारण तेथे तीन बाजूंनी पाणी पोहोचते. कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर एकामागून एक सुटत जातात आणि आत न कुजलेला, टणक, जवळजवळ वाटोळा गाभा शिल्लक राहतो. रस्त्यासाठी डोंगर कापला, की मुरमाच्या भिंतीत असे गोटे ओळीने बसलेले दिसतात. या प्रकाराला गोलाभ अपक्षय म्हणतात. दुसरा मार्ग नदीचा. वाघोरा नदी लेण्यांच्या माथ्यावरून कुंडांच्या मालिकेतून खाली उतरते. अशा पात्रांत पावसाळी लोंढ्याबरोबर गडगडत येणारे धोंडे एकमेकांवर घासून गुळगुळीत होतात. दख्खनच्या पठारावर म्हणूनच धोंडा घडविण्यासाठी पाथरवटाची गरज सहसा पडत नाही. निसर्गाने घडविलेला गोटा गाडीत घालून आणायचा, एवढेच काम उरते.

हा दगड जड असतो. एक घन मीटर घट्ट बेसाल्टाचे वजन सु. २,९०० किग्रॅ. भरते. या हिशेबाने ३५ सेंमी. व्यासाचा पूर्ण गोल गोटा सु. ६५ किग्रॅ., ४० सेंमी.चा सु. ९७ किग्रॅ., ४५ सेंमी.चा सु. १३८ किग्रॅ. आणि ५० सेंमी.चा सु. १९० किग्रॅ. होतो. डोळ्यांना दिसणारा फरक वितीएवढाही नसतो, पण वजन व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. अडचण तेवढ्यावर संपत नाही. गोटा पोटाशी कितीही घट्ट धरला, तरी त्याचा मध्य उचलणाऱ्याच्या अंगापासून अर्ध्या व्यासाइतका पुढे राहतो आणि तेवढ्या तरफेने तो कमरेला खाली ओढतो. त्यामुळे कमरेवरचा ताण व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो, असे स्थूलमानाने म्हणता येईल. व्यास ४० वरून ४५ सेंमी. झाला, तर वजन सव्वाचार दशांशांनी वाढते. ताण मात्र सहा दशांशांनी वाढतो. लहान गोटा सहज खांद्यावर घेणारा तरुण त्याच्या शेजारच्या, किंचितच मोठ्या दिसणाऱ्या गोट्यापुढे हतबल का होतो, याचे उत्तर या गणितात आहे. समान वजनाचा सिमेंटचा गोळा याहून मोठा असतो (१३८ किग्रॅ. वजनासाठी सु. ४८ सेंमी. व्यास), म्हणून केवळ किलोग्रॅमचे आकडे घेऊन जुन्या-नव्या पराक्रमांची तुलना करणे फसवे ठरते.

या प्रकाराच्या प्राचीनतेविषयी लेखी पुरावा विरळ आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या मानसोल्लास या ग्रंथात मल्लांच्या व्यायामांची जी नावे येतात, त्यांत भारश्रम, म्हणजे भार घेऊन करावयाचा व्यायाम, हे एक आहे. ज्येष्ठीमल्लांच्या परंपरेतील मल्लपुराणात उल्लेखिलेला गोणितक हा व्यायाम दगडाच्या मोठ्या कड्याचा असावा, असे मानतात. उत्तर भारतातील आखाड्यांत गळ्यात अडकवून बैठका काढण्याचे दगडी कडे (गर्नाल) पुढेही वापरात राहिले, त्याच्याशी हे जुळते. वाटोळा धोंडा मात्र या ग्रंथांत स्वतंत्रपणे येत नाही. आखाड्यातील साधन म्हणून घडविलेल्या वस्तूंना शास्त्रात जागा मिळाली. वेशीबाहेर पडून असलेल्या गोट्याला ती मिळाली नाही, असा याचा अर्थ घेता येईल. बडोद्याहून १९३६–४९ या काळात दहा खंडांत प्रसिद्ध झालेल्या व्यायाम-ज्ञानकोशाच्या रूपाने मराठीत या विषयाचा मोठा संग्रह झाला, तोपर्यंत बलोपासनेची बरीचशी विद्या तोंडीच होती.

भार वाहणाऱ्या माणसाचे चित्र मात्र या प्रदेशाच्या शिल्पात लेखी पुराव्याच्या कितीतरी आधी उमटले आहे. अजिंठ्याच्या पश्चिमेस असलेल्या पितळखोरे येथील लेण्यांच्या परिसरात यक्षाची एक ठेंगणी, स्थूल मूर्ती सापडली. इ. स. पू. दुसऱ्या-पहिल्या शतकांतील या यक्षाने दोन्ही हात वर करून डोक्यावर पात्र तोलून धरले आहे आणि ते कण्हदास नावाच्या सोनाराने केल्याचा लेख तिच्यावर आहे. मूर्ती सध्या दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. अजिंठ्यातच पाचव्या शतकात वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने कोरविलेल्या सोळाव्या लेण्यात छतावर लाकडी तुळयांची नक्कल केली असून, त्या तुळयांच्या टोकांखाली आधार देणारे बुटके गण बसविले आहेत. आकाश खांद्यावर पेलणारा ग्रीक ॲटलास आणि हे गण यांची कल्पना एकाच जातीची आहे. फरक एवढाच, की ॲटलासला ती शिक्षा होती व त्याचा चेहरा कष्टी असतो. पितळखोऱ्याचा यक्ष हसतो आहे. ठेंगणी उंची, रुंद बैठक, मोठे पोट आणि आखूड जाड हात ही या मूर्तींची ठेवण संकेतानुसार आलेली आहे, तिच्यात मल्लविद्येचा धडा शोधू नये हे खरे. तरीही भार पेलणाऱ्याचा गुरुत्वमध्य जमिनीजवळ असावा लागतो, हे कारागिराने कोठेतरी पाहिलेले असणार.

गावोगावच्या प्रथेचे सामान्य रूप सांगता येते. गोटा मारुतीच्या देवळापुढे, पारावर, चावडीजवळ किंवा तालमीच्या दारात पडलेला असे. जत्रेला, सणाला किंवा नुसत्या संध्याकाळच्या बैठकीत तरुण मंडळी त्याच्यावर जोर अजमावीत. धोंडा जमिनीपासून सुटला की पहिली पायरी. मग मांडी, छाती, खांदा आणि शेवटी खांद्यावरून पाठीमागे टाकणे. प्रत्येक पायरीला मान वेगळा. परगावचा पैलवान आला तर त्यालाही गोटा दाखविला जाई. या परीक्षेस खर्च नव्हता, पंच लागत नव्हता व वादही फारसा होत नसे. धोंडा एक तर उठतो किंवा उठत नाही. हमाली, मोटेचे काम, पोती वाहणे ज्यांच्या अंगवळणी होते, त्यांना तालमीचा उंबरठा न ओलांडताही येथे पैलवानाच्या बरोबरीने उभे राहता येई. या प्रकाराची लोकप्रियता मुख्यत्वे या मोकळेपणावर टिकली असावी. महाराष्ट्राला लागून असलेल्या उत्तर कर्नाटकातील संग्राणी कल्लू आणि तमिळनाडूतील इळवट्टक्कल या प्रथा याच कुळातील आहेत. त्यांपैकी दुसरीत धोंडा उचलणे ही लग्नाच्या योग्यतेची खूण मानली जाई.

उचलण्याची रीत जगात सर्वत्र जवळजवळ एकच आहे, कारण ती धोंड्याच्या आकारानेच ठरते. पावले खांद्यांहून थोडी रुंद ठेवून धोंडा त्यांच्या मधोमध घ्यावा लागतो. पंजे मध्यरेषेच्या खाली सरकवून बोटे पसरतात व बाहूंनी दोन्ही बाजू चेपतात. हात कोपरात न वाकविता पाय आणि नितंब यांच्या जोराने धोंडा गुडघ्यांपर्यंत आणतात आणि अर्धवट बसून तो मांड्यांवर घेतात. हा टप्पा चुकला, की पुढे काही होत नाही. मांडीवर धोंडा स्थिर झाला म्हणजे हात वरून फिरवून त्याला कवटाळायचे, श्वास कोंडायचा आणि कंबर पुढे झोकून देत उभे राहायचे. धोंडा पोटावरून लोळत छातीवर चढतो. नवशिक्याची नेहमीची चूक म्हणजे हातांनी ओढून घेणे. वाकलेल्या कोपरावर भार आला, तर दंडाच्या पुढील स्नायूचा कंडरा कोपराजवळ तुटू शकतो. दुसरा धोका कमरेला आणि तिसरा पायांना. पायावर धोंडा पाडून घेणे ही मराठीत केवळ म्हण असली, तरी येथे ती शब्दशः खरी होते. पकड यावी म्हणून राख किंवा हौद्यातील माती हातांना लावीत. आधुनिक स्पर्धक राळेपासून केलेला चिकट लेप दंडांना फासतात.

तयारीचा पाया जोर, बैठका, नाल फिरविणे, हौद्याची माती खणणे आणि दोर चढणे यांनीच घातला जाई. स्वतः धोंडा रोज उचलण्याचा प्रघात नसावा व ते योग्यही होते, कारण पाठीच्या कण्यालगतचे स्नायू अशा श्रमातून सावकाश सावरतात. आजचे हौशी स्पर्धकही जड गोळा बहुधा आठवड्यातून एकदाच घेतात. जो मांडीपर्यंत पाचसहा वेळा सुखाने येतो अशा गोळ्यापासून आरंभ करणे, मांडीवर घेणे व छातीवर चढविणे या दोन क्रियांचा वेगवेगळा सराव करणे आणि व्यास एका वेळी थोडाच वाढविणे, हा क्रम सुरक्षित ठरला आहे. इतर दिवशी दांडा व चकत्यांच्या वजनांनी पाय आणि पाठ बळकट करतात. साच्यात सिमेंट ओतून हवा त्या व्यासाचा गोळा करता येत असल्याने पायरीपायरीने चढणे आता सोपे झाले आहे. गावच्या एकुलत्या एका गोट्यापुढे ही सोय नव्हती. तो उठेपर्यंत वर्षे जात.

जुन्या पराक्रमांच्या कथांत वजनाचा आकडा हा सर्वांत कच्चा दुवा असतो. वजन मणांत सांगितले जाई आणि मण प्रांतोप्रांती निराळा होता. ब्रिटिश अमदानीतील प्रमाण मण ४० शेरांचा, म्हणजे सु. ३७·३ किग्रॅ. होता, तर मुंबईचा मण २८ पौंडांचा, म्हणजे सु. १२·७ किग्रॅ. ‘सहा मणांचा धोंडा’ म्हटले, की तो ७६ किग्रॅ.चा की २२४ किग्रॅ.चा हे गाव कोणत्या बाजारपेठेशी जोडलेले होते यावर ठरेल. पहिला धोंडा कसलेला कोणताही शेतकरी उचलील. दुसरा आजच्या निवडक व्यावसायिकांनाच पेलेल. अजिंठा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते, तर डोंगराखालचा खानदेश मुंबई इलाख्यात. घाटाच्या दोन अंगांना सांगितले गेलेले आकडे म्हणूनच एका मापाचे मानता येत नाहीत. मेट्रिक वजने १९५८ पासून टप्प्याटप्प्याने रूढ झाली, तोपर्यंत प्रथेचा भर ओसरू लागला होता.

या बाबतीत बडोद्याचा दगड विशेष चर्चेचा आहे. तिसरे सयाजीराव गायकवाड (१८६३–१९३९) यांच्या मराठी संस्थानात कुस्तीला मोठा आश्रय होता. तेथे २३ डिसेंबर १९०२ रोजी गामा पैलवान (१८७८–१९६०) याने एक धोंडा उचलला, असे त्या धोंड्यावरच कोरले आहे. सु. पाऊण मीटर उंचीचा तो दगड बडोद्याच्या संग्रहालयात ठेवलेला असून त्याचे वजन १,२०० किग्रॅ. असल्याचे सांगतात. हा आकडा आणि ‘उचलणे’ हा शब्द ही दोन्ही एकाच वेळी खरी असणे शक्य नाही. आधुनिक स्पर्धकांत टॉम स्टोल्टमन याने २०२० मध्ये २८६ किग्रॅ.चा गोळा आडव्या दांड्यावरून पलीकडे टाकला, तो त्या प्रकारातील विक्रम ठरला. त्याच्या चौपट भार उचलणारे शरीर संभवत नाही. धोंडा एका कडेवर उभा केला असेल, लोटला असेल किंवा वजनच अंदाजाने सांगितले गेले असेल. गामाच्या थोरवीला यामुळे बाध येत नाही. ती आखाड्यात सिद्ध झालेली आहे. धोंड्याचे खरे महत्त्व निराळे आहे. उचलणाऱ्याचे नाव व तारीख अंगावर असलेला असा दगड आपल्याकडे अपवादात्मक आहे.

श्रद्धा आणि शक्ती यांची गाठ पडलेली उदाहरणेही येथे नमूद केली पाहिजेत. पुण्याजवळ खेड शिवापूर येथे कमर अली दरवेश यांच्या दर्ग्यासमोर दोन वाटोळे दगड आहेत. मोठा दगड अकरा जण उजव्या हाताच्या तर्जनीने, संताच्या नावाचा एका दमात घोष करीत, वर उचलतात. त्याचे वजन सु. ९० किग्रॅ. सांगितले जाते. त्या जागी पूर्वी तालीम होती, तेथील मल्लांना आपल्या बळाचा गर्व होता व संताने तो उतरविला, अशी आख्यायिका आहे. ती खरी धरली तर हे दगड मुळात तालमीचेच गोटे ठरतात. अकरा जणांत वाटला गेलेला भार प्रत्येकी सु. आठ किग्रॅ. होतो आणि नावाच्या घोषाने सर्वांचा जोर एकाच क्षणी लागतो, हे लक्षात घेतले म्हणजे उचलण्यात गूढ उरत नाही. बळाच्या गर्वावर रचलेली कथा मात्र तालमीच्या जगावर केलेले मार्मिक भाष्य म्हणून उरते. जेजुरीला दसऱ्याच्या उत्सवात सु. ४२ किग्रॅ. वजनाचा खंडा एका हाताने तोलून धरण्याची चुरस असते. तेथे दगडाऐवजी शस्त्र आहे, पण ग्रामदैवतापुढे भार तोलून दाखविण्याची वृत्ती तीच.

इतर देशांत या प्रकाराच्या खुणा अधिक काटेकोरपणे जपल्या गेल्या. ग्रीसमध्ये ऑलिंपिया येथे सापडलेल्या इ. स. पू. सहाव्या शतकातील १४३·५ किग्रॅ. वजनाच्या वालुकाश्मावर, बायबॉनने तो एका हाताने डोक्यावरून फेकला असा लेख आहे. थेरा बेटावरील ४८० किग्रॅ.च्या धोंड्यावर यूमास्टासचे नाव आहे. आइसलँडच्या द्रीत्विक किनाऱ्यावर २३, ५४, १०० व १५४ किग्रॅ. वजनाचे चार धोंडे कोळ्यांची लायकी ठरविण्यासाठी ठेवलेले असत आणि ५४ किग्रॅ.चा न उचलणाऱ्याला नावेवर जागा मिळत नसे. स्कॉटलंडमध्ये डॉनल्ड डिनी याने १८६० मध्ये मिळून सु. ३३२ किग्रॅ. भरणारे कडीचे दोन धोंडे पॉटार्कच्या पुलावरून पलीकडे नेल्याची परंपरा आहे. स्पेनच्या बास्क प्रदेशात धोंडा उचलणे हा आजही नियमबद्ध खेळ असून तेथील इन्याकी पेरुरेना याने १९८७ मध्ये ३०० किग्रॅ.ची मर्यादा गाठली. जगातील सर्वांत बलवान पुरुषाची स्पर्धा १९७७ मध्ये सुरू झाली व १९८६ मध्ये फ्रान्समधील नीस येथे तीत गोल धोंड्यांचा प्रवेश झाला. चढत्या वजनाचे पाच गोळे पाच ओट्यांवर कमीत कमी वेळात ठेवणे, असे त्याचे स्वरूप स्थिरावले. व्यावसायिकांचे गोळे सु. १०० ते १८० किग्रॅ. किंवा त्याहून अधिक असतात. हौशी गटांत ते बरेच हलके ठेवतात. अशा हौशी स्पर्धा आता भारतातही होऊ लागल्या आहेत.

तुलनेसाठी जपानचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. तेथील देवळांच्या आवारांत चिकाराइशी (बळाचे दगड) ठेवलेले असून कित्येकांवर वजन, उचलणाऱ्याचे नाव व वर्ष कोरलेले आहे. अनेक नगरपालिकांनी त्यांची लोकसंस्कृतीचा ठेवा म्हणून नोंद केली आहे. महाराष्ट्रातील गोट्यावर सहसा काहीच कोरलेले नसते. तो कोणी, कोणत्या पायरीपर्यंत उचलला, हे केवळ गावातील वृद्धांच्या तोंडी असते आणि ती पिढी गेली, की गोटा पुन्हा साधा दगड होतो. देवळाच्या जीर्णोद्धारात तो जोत्यात बसतो, रस्ता रुंद करताना भरावात जातो किंवा कोणीतरी त्याला शेंदूर लावतो व मग त्याला हात घालणेच निषिद्ध ठरते. यांतील शेवटची गती त्यातल्या त्यात बरी, कारण दगड निदान जागेवर राहतो. अजिंठ्याची लेणी १९८३ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत आणि त्यांच्या संरक्षित क्षेत्रातील लहानसा तुकडाही हलविता येत नाही. त्याच खडकाच्या, गावठाणात पडलेल्या गोट्यांना असे संरक्षण नाही. नोंदीसाठी फार काही लागत नाही. व्यास दोन-तीन बाजूंनी मोजणे, धान्याच्या काट्यावर वजन करणे, गोटा मूळचा कोठला, कोणत्या सणाला व कोठपर्यंत उचलीत हे विचारून लिहून ठेवणे, इतके काम गावच्या शाळेला एका दुपारी करता येण्याजोगे आहे. मात्र ते करताना मणांतला आकडा मणांतच लिहावा व कोणता मण, हेही विचारावे.